कडेला कोण झोपणार?

कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्याची प्लेट घेऊन उभं राहिलं की नागपुरात त्या आठवड्यात कशावर वाद चालू आहे ते पाच मिनिटांत कळतं. मध्यंतरी तिथे विषय निघाला होता रात्रीच्या ट्रॅव्हल्समधल्या एका बातमीचा. स्लीपर बस, पुण्याला निघालेली मुलगी, पलीकडच्या बर्थवरच्या माणसाने पडद्याखालून घातलेला हात. ती गाढ झोपेत होती. माझ्यापुढे उभ्या असलेल्या दोघांपैकी एक म्हणाला, "काऊन बाप्पा, एवढी भरलेली बस, तवाच ओरडली काऊन नाही?" दुसऱ्याने तर्रीचा शेवटचा घोट घेत निकाल दिला, "अशायले चौकात फाशी द्या लागते." मला वाटलं आता या दोघांची जुंपणार. तसं काही झालं नाही. पैसे एकाने दिले आणि दोघं एकाच स्कूटरवर बसून निघून गेले.

त्यांचं भांडण झालं नाही यात नवल नव्हतं, कारण दोघांनी एकच गोष्ट टाळली होती. पहिल्याने तिच्या वागण्यात नकार शोधला, दुसऱ्याने त्याच्यासाठी शिक्षा शोधली. शोधायला हवा होता होकार, आणि त्याचं नावही कोणी काढलं नाही. माझं म्हणणं असं की झोपलेल्या माणसाच्या बाबतीत 'संमती होती की नव्हती' हा वादाचा विषयच होऊ शकत नाही. संमती ही जागेपणी करायची गोष्ट आहे. झोपलेल्या बाईने अर्धा होकार दिलेला नसतो, आणि नकार द्यायचा तिच्याकडून राहूनही गेलेला नसतो. ज्या अर्थाने कुणाला काही विचारता येतं, त्या अर्थाने ती त्या वेळी तिथे हजरच नसते. यात धूसर असं काही नाही. धूसरपणा आपण बाहेरून आणतो, कारण बाईचं 'नाही' शोधायची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे.

फाशीवाल्या गृहस्थांचा राग मी खोटा मानत नाही. पण फाशी मागणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेहमी एक अनोळखी नराधम असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी मात्र वर्षानुवर्षं सांगते की बलात्काराच्या नोंदलेल्या दर दहा गुन्ह्यांपैकी नऊहून अधिकांत आरोपी ओळखीचा असतो. झोपेतल्या प्रकारांत तर ओळख जवळपास अटळच, कारण आपण झोपतो कोणाच्या आसपास? घरच्यांच्या, पाहुण्यांच्या, रूममेटच्या, नवऱ्याच्या. मामेभावाला चौकात फाशी द्या असं कोणत्या घरात म्हणतात? त्या घरात म्हणतात, "जाऊ दे, लग्नघर आहे." शिक्षा जितकी भीषण मागावी तितकी ती आपल्या माणसाला लागू करणं अवघड होत जातं, आणि तक्रार उंबऱ्याच्या आतच राहते.

कायदा तरी या बाबतीत गोंधळलेला आहे का? फारसा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 63 पाहा. 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली, 2013 मध्ये दंडविधान बदललं, आणि तेव्हाचे शब्द या कलमात जवळपास तसेच आले आहेत. संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीसाठी शब्दांनी, खुणेने किंवा अन्य रीतीने कळवलेला, स्वेच्छेचा, निःसंदिग्ध होकार. अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही. आणि सातव्या प्रकारात सरळ म्हटलं आहे की संमती कळवण्यास ती असमर्थ असेल तर तो बलात्कार. झोप म्हणजे कळवण्याची असमर्थता नाही तर काय? प्रकार स्पर्शापुरता असेल तर कलम 74 आहे, जुनं 354. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्येच एक गाठ सोडवली होती. प्रकरण साडेसात महिन्यांच्या बाळाचं होतं. पंजाब उच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं होतं की एवढ्या लेकराला लाजेची जाणीवच नाही, मग विनयभंग कसला? सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बचावत यांनी ते मोडीत काढलं. स्त्री लहान असो वा वृद्ध, बुद्धिमान असो वा मतिमंद, जागी असो वा झोपलेली, तिचा विनय तिच्यापाशी असतोच, असं त्यांनी लिहिलं. ('विनयभंग' हा शब्द मला कधीच आवडला नाही. गुन्हा त्याने करायचा आणि भंगायचं मात्र तिचं काहीतरी! पण तो वेगळा विषय.)

आणि हे शहाणपण दिल्लीहूनच यावं लागतं असंही नाही. 1972 च्या मार्चमध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. तिचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे, तरी मी ते इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. अपील आलं ते आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या इमारतीत. नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा सुनावताना एक फरक स्पष्ट मांडला: धाकाने, असहायपणे शरीर सोडून देणं म्हणजे संमती नव्हे. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, तेव्हा सगळं शांततेत पार पडलं असं म्हणत दोघांनाही सोडलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, 1983 मध्ये कायदा बदलला. म्हणजे पोह्याच्या गाडीवरचा 'ओरडली काऊन नाही' हा प्रश्न याच शहरातल्या एका न्यायपीठाने जवळपास पन्नास वर्षांपूर्वी निकालात काढला होता. याच खंडपीठातून 2021 मध्ये कपड्यावरून केलेला स्पर्श 'त्वचेला त्वचा' लागली नाही म्हणून पॉक्सोखालचा, म्हणजे मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याखालचा, लैंगिक हल्ला ठरत नाही असाही निकाल आला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हा अभिमान बेतानेच बाळगावा.

"ही संमती-बिमती पाश्चात्त्यांची खुळं" असं म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी आपलीच पोथी उघडावी. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा झोपलेल्या छावणीवर तुटून पडायला निघतो तेव्हा कृपाचार्य त्याला अडवतात ते याच मुद्द्यावर, की झोपलेल्यांना मारणं धर्म नव्हे. अठरा दिवस ज्यांनी नियम मोडायचं काही बाकी ठेवलं नाही, त्यांनासुद्धा झोपलेल्यावरचा हल्ला वेगळा वाटला. आणि मनुस्मृती? विवाहाचे आठ प्रकार मोजताना ती 'सुप्तां मत्तां प्रमत्तां वा रहो यत्रोपगच्छति' असं म्हणते, म्हणजे झोपलेल्या, नशेतल्या किंवा बेसावध मुलीशी एकांतात केलेला संग, आणि त्याला पैशाच म्हणजे पिशाचाला शोभणारा, सर्वांत अधम प्रकार ठरवते. झोप, नशा, बेसावधपणा: आजचा वकीलही यादी करायला बसला तर याहून वेगळी काय करील? पण गंमत पुढे आहे. इतकं अधम ठरवूनही स्मृती त्याची गणना विवाहातच करते. पाप कळलेलं असतं, नाव मात्र लग्नाचं दिलं जातं. ही खोड अजून गेलेली नाही. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आपल्या घरांनाही हे सगळं ठाऊक होतं. कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, अंथरुणं घालण्याच्या पद्धतीतून. आमच्या लहानपणी मे महिन्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं. पारा पंचेचाळिसाच्या वर, दिवसभर स्लॅब भाजलेला. संध्याकाळी पाच-सहा बादल्या पाणी ओतलं की चर्र आवाज यायचा आणि ओल्या सिमेंटचा वास सुटायचा. मग गाद्या. त्यांचा क्रम आजी लावायची आणि त्यात कोणाचं चालत नसे. जिन्याकडे पुरुष, मग मुलगे, मधे थोडी जागा सोडून आम्ही मुली, आणि आमच्या कडेला आत्या. मला कडेची जागा हवी असायची, तिथे वारा लागायचा. रोज भांडायची, रोज हरायची. एका उन्हाळ्यात दूरचे एक नातेवाईक मुक्कामाला आले. त्या चार रात्री आम्हा मुलींची गच्ची बंद झाली. खालच्या खोलीत कूलर लावून झोपवलं. वाळ्याच्या ताट्यांचा तो लोखंडी कूलर असा घरघरायचा की शेजारच्या खोलीत भांडं पडलं तरी ऐकू येऊ नये. आत्या दाराला पाठ टेकून बसली होती आणि मधूनमधून मला जाग आली की तिच्या हातातला विंझणा हलताना दिसायचा. कोणी काही बोललं नाही. पाहुण्यांना सकाळी साखर जास्त घातलेला चहा मिळाला, जाताना आजीने त्यांच्या हातावर दही ठेवलं.

ही व्यवस्था प्रेमाची होती यात शंका नाही. तिने आम्हाला वाचवलंही असेल. पण ती काय गृहीत धरून चालली होती? की झोपलेल्या मुलीची जबाबदारी तिच्या आसपासच्या बायकांची आहे, हात टाकणाऱ्याची नाही. धोका पावसासारखा, तो येणारच, आपण छत्री धरायची. त्या माणसाला 'तुम्ही येऊ नका' एवढं एक वाक्य सांगण्यापेक्षा चार मुलींना उकाड्यात कोंडणं घराला सोपं वाटलं. आज तीच व्यवस्था सल्ला होऊन येते: रात्रीच्या बसने जाऊ नको, खालचा बर्थ घे, लग्नात हॉलमध्ये झोपू नको. आणि तिने यातलं काही पाळलं नसेल तर तिच्या झोपेचाच पुरावा होतो तिच्याविरुद्ध.

आता विरोधकांचे मुद्दे. काही कच्चे आहेत, काही खरोखर जड आहेत.

कच्चा मुद्दा ओरडण्याचा. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळायलाच काही क्षण जातात, आणि भीतीने अंग ताठून हलेनासं होणं, घशातून आवाज न फुटणं हे डॉक्टरांना चांगलं परिचित आहे. साप दिसल्यावर थिजलेल्या माणसाला आपण 'पळाला का नाहीस' असं विचारत नाही. आणि मुळात, रेल्वेत झोपलेल्याचं पाकीट गेलं तर पोलीस विचारतात का की ओरडलात का नाही? चोर झोपेचीच वाट बघतो, म्हणून तर तो चोर. ही तुलना लंगडी आहे हे मला माहीत आहे, शरीर म्हणजे पाकीट नव्हे. पण मग पाकिटाला जेवढा मान देतो तेवढा तरी द्यावा!

जड मुद्दा पुराव्याचा. खोलीत दोघंच, त्यातलं एक झोपेत. झोपलेला साक्षीदार काय सांगणार? उद्या वैराने कोणी खोटं रचलं तर त्या माणसाने काय करायचं? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व मला माझ्या मुलासाठी हवं असेल तर दुसऱ्याच्या मुलासाठीही हवं. पण या मुद्द्याने सिद्ध काय होतं? एवढंच की तपास कसून व्हायला हवा: वैद्यकीय तपासणी वेळेत, कपडे, चादर, फोनवरचे त्या रात्रीचे आणि दुसऱ्या सकाळचे निरोप, ती पहिल्यांदा कोणाशी बोलली ते. सिद्ध करणं अवघड आहे म्हणून गुन्ह्याची व्याख्याच सैल करायची, हे कुठलं तर्कशास्त्र? विषप्रयोग सिद्ध करणंही अवघड असतं. म्हणून आपण जेवणात कालवलेल्या विषाला मसाला म्हणत नाही.

त्याहून नाजूक मुद्दा अर्धवट झोपेचा. "मला वाटलं ती जागी आहे. तिने कूस बदलली, हुंकार दिला." कधीकधी हे खरं असू शकतं, मी मानते. पण खात्री करून घेण्याचं ओझं कोणावर? दशरथाला नदीकाठी घागर भरल्याचा आवाज हत्तीचा वाटला. शब्दवेधी बाण सुटला आणि श्रावण गेला. गैरसमज खरा होता, त्यात खोट नव्हती. तरी दशरथ असं म्हणाला नाही की अंधारात पाणी भरणाऱ्याने आधी आवाज द्यायला नको होता का? तो त्या आंधळ्या आईबापांपुढे जाऊन उभा राहिला. बाण ज्याच्या हातात, खात्री त्याने करायची. इथे तर खात्री करायला लागतो एक शब्द: "जागी आहेस?"

फ्रान्समधलं झिझेल पेलिको यांचं प्रकरण याच ठिकाणी आठवतं. नवरा जवळपास दहा वर्षं जेवणात, पेयात गुंगीची औषधं घालून त्यांना बेशुद्ध करत होता आणि परक्या पुरुषांना घरी बोलवत होता. 2024 च्या डिसेंबरमध्ये अविन्योच्या न्यायालयाने नवऱ्यासह 51 जणांना दोषी ठरवलं. त्या पुरुषांत नर्स होता, पत्रकार होता, ट्रकचालक होते, कोणाचे तरी वडील होते. अनेकांचा बचाव काय? की ती झोपेचं सोंग घेते आहे असं वाटलं, हा नवरा-बायकोचा खेळ असेल असं वाटलं. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, ही आपली म्हण त्या रात्री कोणाला लागू पडत होती हे वेगळं सांगायला नको. आणि दुसरा बचाव, जो ऐकून मला मनुस्मृतीतला तो आठवा प्रकार आठवला: नवऱ्याची परवानगी होती.

इथे मी त्या खोडीपाशी येते. विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा जोडप्यांचा आहे. वर्षानुवर्षं एका अंथरुणात झोपणारी माणसं दर वेळी लेखी अर्ज करत नाहीत. पहाटे कोणी कोणाला जवळ ओढतं, कुरवाळून उठवतं. हे सगळं गुन्ह्यात घालायचं का? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात 2011 मध्ये नेमका असा प्रश्न आला. शुद्ध हरपण्याआधी दिलेली संमती नंतर चालू राहते का? बहुमत म्हणालं, नाही. संमती देणारी व्यक्ती त्या प्रत्येक क्षणी शुद्धीवर हवी, म्हणजे हवं तेव्हा थांब म्हणता येईल. तीन न्यायाधीश असहमत होते. जाणत्या बाईने शुद्धीत घेतलेला निर्णय तिच्याच रक्षणाच्या नावाखाली का नाकारता, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यांच्या म्हणण्यातला जिव्हाळा कळतो. तरी मी बहुमताच्या बाजूची आहे. कुरवाळून जागं करणं आणि जाग येऊ नये अशा बेताने उरकून घेणं यातला फरक कुठल्याही जोडप्याला कळतो. पहिल्यात तिची जाग हवी असते, दुसऱ्यात ती अडचण असते. कायद्याने पहिल्याच्या वाटेला जाऊ नये, जातही नाही. कुरवाळून उठवलं म्हणून पोलीस ठाण्याची पायरी चढलेली बाई मला अजून भेटायची आहे.

पण आपल्याकडे वाद एवढा पुढे जातच नाही, कारण कलम 63 च्या अपवादाने तो दारातच थांबवला आहे. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याचा संभोग बलात्कार नाही. ती झोपलेली असो, औषधाच्या गुंगीत असो, बाळंतपणाच्या थकव्याने मेल्यासारखी पडलेली असो. घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, क्रूरतेचं कलम आहे, हे खरं. पण त्या कृतीला तिचं नाव द्यायचं नाही. वर्मा समितीने हा अपवाद काढा म्हटलं, काढला नाही. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी परस्परविरुद्ध निकाल दिले. 2024 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपवादाच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं. विवाहसंस्था मोडेल, ही भीती. ज्या इंग्लंडकडून हा अपवाद आपण घेतला तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो 1991 मध्येच टाकून दिला. लग्नं तिथे अजून होतात.

ही भीती आपण याआधीही ऐकली आहे. 1890 च्या सुमारास कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. तिचं वय दहाच्या वर होतं, म्हणून कायद्याने तो बलात्कार ठरला नाही. त्यातून संमतिवयाचं विधेयक आलं, दहाचं बारा करणारं. टिळकांनी 'केसरी'तून विरोध केला: सुधारणा आतून, शिक्षणाने व्हावी, परक्या सरकारने घरात हात घालू नये. तो मुद्दा पोकळ नव्हता, सरकार खरंच परकं होतं. आगरकर 'सुधारका'तून दुसऱ्या बाजूने लढले. 1891 मध्ये कायदा झाला. आज टिळकांच्या कट्टर भक्तालाही बारा वर्षांच्या मर्यादेत धर्म बुडाल्याचं दिसणार नाही. पुढे पत्नीसाठीची ती मर्यादा पंधरा झाली आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा केली. दर वेळी कुटुंब मोडणार होतं. आणि आता तर परकं सरकार हा मुद्दाही शिल्लक नाही.

पुरुषांबद्दलही दोन शब्द. वसतिगृहात झोपेत ज्या मुलाच्या अंगावर हात पडतो, तो अठराच्या आतला असेल तर पॉक्सो आहे. अठरावं ओलांडलं की त्याला बलात्काराचं कलम नाही, आणि 'अनैसर्गिक संभोगा'चं जुनं कलम 377 नव्या संहितेत आलंच नाही. त्याला 'ओरडला का नाहीस' असंही कोणी विचारत नाही. त्याला हसतात.

गेल्या हिवाळ्यात भाच्याचं लग्न होतं, वर्धा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. रात्री दीडच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले. वरच्या हॉलमध्ये ओळीने गाद्या, मुलींची रांग भिंतीकडे, मेंदीचे हात चादरीबाहेर. दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आत्या बसली होती. ऐंशीच्या घरातली, गुडघ्यांवर शाल, हातात निमंत्रणपत्रिका, तीच ती विंझण्यासारखी हलवत होती. हॉलमध्ये तीन एसी चालू होते. मी म्हटलं, "आत्या, झोप ना आता, मी बसते."

"तू निज," ती म्हणाली, "कडेले मी हावो."